कृषिदूत गावात येतात

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातच असेल. कोणाचे दापोली तालुक्यात, कोणाचे खेड-चिपळूणकडे, तर कोणाचे राजापूरच्या बाजूला. पावसाळ्यात गावी गेलात, तर एखादे वेळी ग्रामपंचायतीच्या पडवीत किंवा शाळेच्या ओसरीवर आठ-दहा तरुण मुले-मुली वाकून रांगोळी घालताना दिसतील. जवळ जाऊन पाहा. ती सणाची रांगोळी नसते. निळ्या रंगाने वहाळ काढलेला असतो, हिरव्या रंगाने भाताची खाचरे, तपकिरी रंगाने डोंगर आणि लाल रंगाने घरे. बाजूला दोन-तीन वयस्कर मंडळी उभी असतात. "अरे बाळांनो, विहीर तिकडे नाही, वडाच्या पलीकडे दाखवा," असे त्यांतले एखादे आजोबा सांगतात. मुले मुकाट्याने विहीर पुसतात आणि दुसरीकडे काढतात.

ही मुले कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला शिकत असतात. गावात त्यांना 'कृषिदूत' म्हणतात आणि मुलींना 'कृषिकन्या'. दूत म्हणजे निरोप पोहोचवणारा. उर्दूत आपण ज्याला कासिद म्हणतो तोच. हे दूत विद्यापीठाचा निरोप घेऊन गावात येतात. पण गावाचा निरोप विद्यापीठाकडे नेण्याचे कामही त्यांचेच असते, आणि माझ्या मते ते अधिक अवघड आहे.

आपल्या जिल्ह्यात दापोली येथे कृषी विद्यापीठ आहे हे तुम्हांला ठाऊक असेलच. दापोलीत १९६५ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. हे सावंत रत्नागिरी जिल्ह्याचे नेते. १९६३ साली काही दिवस त्यांनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाचा भार सांभाळला होता. कोकणासाठी वेगळे कृषी विद्यापीठ का हवे होते, हे आपला पाऊस आणि आपली जमीन पाहिली की कळते. येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जांभ्या दगडाची माती पाणी धरून ठेवत नाही. सोलापूर किंवा अकोल्याच्या काळ्या जमिनीसाठी लिहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा उपयोगी पडणे कठीण.

कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा असतो. त्यांतल्या सातव्या सत्रात विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडतात. या कार्यक्रमाचे नाव बरेच लांबलचक आहे: 'ग्रामीण कृषी जागरूकता व कार्यानुभव कार्यक्रम'. १९९२ साली रंधावा समितीने असा कार्यानुभव अभ्यासक्रमात असावा अशी शिफारस केली होती. २०१५ पासून तो 'स्टुडंट रेडी' या देशभरच्या योजनेचा भाग झाला. एकूण वीस आठवड्यांचा हा काळ असतो. सुरुवातीला एक आठवडा माहिती देतात. मग आठ आठवडे गावात, पाच आठवडे संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात, दोन आठवडे पिकांच्या दवाखान्यात, तीन आठवडे एखाद्या शेतीपूरक कारखान्यात आणि शेवटी एक आठवडा अहवाल लिहिण्यासाठी. मला विचाराल तर खरे शिक्षण गावातल्या त्या आठ आठवड्यांतच होते. आम्हांला बी.एड. करताना खऱ्या वर्गावर सरावपाठ घ्यावे लागत. वहीतले पाठटाचण आणि समोर बसलेली पन्नास मुले यांत किती अंतर असते, ते पहिल्याच तासाला कळते. शेतीचेही तसेच आहे.

आता ही मुले गावात काय करतात ते पाहू.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक शेतकरी नेमून दिलेला असतो. त्याच्या शेतावर जायचे, त्याच्याबरोबर चिखलणी, लावणी, बेणणी यांत हात लावायचा आणि दररोज काय केले ते वहीत लिहायचे. त्याशिवाय गटाने मिळून 'शिवारफेरी' काढायची असते. शिवारफेरी म्हणजे गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेतकऱ्यांना बरोबर घेऊन चालत जाणे आणि वाटेत जमीन, पाणी, झाडे, पिके कशी बदलतात त्याची नोंद करणे. ही फेरी आपल्या कोकणात फार मजेची होते, कारण येथे थोडे चालले की जमिनीचा रंगच बदलतो. वर सडा, म्हणजे कातळाचे पठार. उन्हाळ्यात काळे, उघडे. पावसाळ्यात मात्र बारीक रानफुलांनी भरलेले. खाली उतरावर आंबा आणि काजू. त्याखाली वरकस जमीन, जेथे पूर्वी नाचणी आणि वरी होत असे. मग भाताची खाचरे. वहाळाच्या कडेला नारळ-पोफळीच्या बागा. आणि गाव खाडीकाठी असेल तर शेवटी कांदळवन, ज्याच्या मुळांत मासे आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. शेती आणि पर्यावरण हे पुस्तकात दोन वेगळे धडे असतात. शिवारफेरीत ते एकाच पायवाटेवर भेटतात. सड्यावरचा कातळ फोडला, तर खालच्या विहिरीवर त्याचा काय परिणाम होईल, हा प्रश्न चालता चालताच सुचतो.

पर्यावरणाचा अभ्यास केवळ कृषीच्या विद्यार्थ्यांनाच करावा लागतो असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर हा विषय शिकवावा असा आदेश दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात बाहेर जाऊन नदी, टेकडी, तळे, पक्षी, झाडे पाहण्याचा भागही ठेवला. तेव्हा उद्या तुम्ही कला किंवा वाणिज्य शाखा घेतली, तरी वहाळाच्या काठी वही घेऊन उभे राहण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

कृषिदूत गावात काही प्रयोग करून दाखवतात. त्यांना प्रात्यक्षिके म्हणतात. एक प्रात्यक्षिक इतके सोपे आहे की तुम्ही घरीही करू शकाल. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात भाताचे बियाणे ओतून ढवळायचे. पोकळ, किडलेले दाणे पाण्यावर तरंगतात. भरलेले दाणे तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकायचे. तळाचे दाणे साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवायचे. आता प्रश्न असा की मीठ कशाला? साध्या पाण्यातही पोकळ दाणे तरंगतातच. पण अर्धवट भरलेला दाणा साध्या पाण्यात बुडतो आणि फसवून जातो. मिठाने पाणी जड होते आणि हे अर्धवट दाणेही वर येतात. बियाण्याची निवड स्वयंपाकघरातल्या मिठाने होते, त्यामुळे हा प्रयोग गावात सर्वांनाच आवडतो.

दुसरे प्रात्यक्षिक बोर्डो मिश्रणाचे. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवून एकत्र करतात आणि शंभर लिटर मिश्रण बनवतात. त्यासाठी प्लॅस्टिकची किंवा मातीची भांडी वापरतात, लोखंडाची नाही. तयार मिश्रणात घासलेली लोखंडी सळी थोडा वेळ बुडवून पाहायची. तिच्यावर तांब्यासारखा लालसर थर बसला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालायचे. पावसात पोफळीची कोवळी सुपारी कुजून गळते, त्या कोळेरोगावर हे मिश्रण पाऊस सुरू होण्यापूर्वीच फवारावे लागते.

या मिश्रणाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्दो नावाचे शहर आहे. तेथील द्राक्षबागांवर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या एका रोगाने हल्ला केला. पाने गळून पडू लागली. मिलार्दे नावाचे एक प्राध्यापक १८८२ साली अशा बागांमधून फिरत होते. त्यांच्या लक्षात आले, की रस्त्याकडेच्या वेलींची पाने तेवढी हिरवी आहेत. आतल्या वेली मात्र रोगट आहेत. चौकशी केली तेव्हा कळले, की वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मालक रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे घाण दिसणारे पाणी शिंपडत. चोरांना घाबरवण्यासाठी केलेली युक्ती रोगावरही चालली होती! मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राध्यापक पायी फिरत होते, मालकाला विचारत होते, म्हणून हा शोध लागला. प्रयोगशाळेत बसून राहिले असते, तर रस्त्याकडेची हिरवी पाने त्यांना दिसलीच नसती.

मात्र प्रत्येक वेळी विद्यार्थी सांगतो आणि शेतकरी ऐकतो असे होत नाही. राबाचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे भाताची रोपे तयार करण्याच्या जागेवर उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर देऊन ते जाळतात. याला राब भाजणे म्हणतात. कृषिदूत सांगतात, "काका, राब भाजू नका. त्यासाठी दरवर्षी ऐन-किंजळीच्या फांद्या तोडाव्या लागतात, आणि ज्या पाल्याचे खत झाले असते तो जळून जातो. त्याऐवजी गादीवाफे करा आणि शेणखत घाला." हे खरेच आहे. पण काका विचारतात, "राब भाजला की तणाचे बी जळते. माती भुसभुशीत होते, रोप उपटताना मूळ तुटत नाही. तुझ्या गादीवाफ्यात तण उगवले, तर ते काढायला माणसे कोठून आणू? माझे दोन्ही मुलगे मुंबईला आहेत."

या प्रश्नाचे उत्तर परीक्षेच्या पुस्तकात नसते. राबाचा प्रश्न केवळ धुराचा आणि झाडांचा नाही, तो मजुरांचाही आहे, हे विद्यार्थ्याला त्या दिवशी कळते. चांगला विद्यार्थी येथे गप्प बसत नाही आणि वादही घालत नाही. तो विचारतो, की पूर्ण जमिनीऐवजी एकाच वाफ्यावर यंदा करून पाहू या का? दोन्हींकडचे तण आणि रोपे बरोबरीने पाहू. शेतकऱ्याला अशी गोष्ट पटते, कारण तीत त्याचे फार काही जात नाही.

मघाशी मी रांगोळीच्या नकाशाचा उल्लेख केला. त्यात घरे दाखवताना एक अडचण येते. कुलूप लावलेले घर दाखवायचे की नाही? आपल्या अनेक गावांत अशी घरे बरीच असतात. काही कुटुंबे मुंबईला, काही कुवेत, दुबई, सौदीला. आपल्या कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यांत तर ही गोष्ट कोणाला नवी नाही. बाहेरून येणाऱ्या पैशावर पक्की घरे उभी राहिली, मुले शिकली. त्याला कोणी वाईट म्हणू नये. पण घराला कुलूप लागते तेव्हा खाचराचा बांधही फुटू लागतो. वरकस जमिनीवर झुडपे माजतात, पाटाचे पाणी वाट बदलते, आणि शेजारच्याने भात लावले तर रानडुकरे त्या झुडपांतून त्याच्या शेतात शिरतात. एकाची पडीक जमीन एकट्याची राहत नाही. रांगोळीत एकेक बंद घर आणि पडीक तुकडा वेगळ्या रंगाने भरला, की गावातले लोकही थोडा वेळ नकाशाकडे बघत उभे राहतात.

गावातील मुक्कामानंतर विद्यार्थी केंद्रांवर जातात. आपल्या रत्नागिरी शहराजवळच पाहण्यासारखे पुष्कळ आहे. काजळी नदीचा पूल ओलांडला की भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. ते १९५५ पासूनचे. नारळाच्या दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी लावून एकाच जमिनीतून अनेक पिके कशी घ्यावीत, हे तेथे 'लाखीबाग' या नावाने दाखवतात. शिरगावला भाताचे संशोधन होते. 'रत्नागिरी १' या भाताच्या वाणाचे नाव तुम्ही घरी ऐकले असेल. शिरगावलाच १९८१ साली मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय तर तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा तयार झाला. हापूस कापल्यावर आत कधीकधी पांढरट, स्पंजासारखा साका निघतो ना? रत्नामध्ये तो नसतो. तरीही बाजारात मान हापूसलाच आहे. चव आणि सवय यांच्यापुढे शास्त्राला थोडे थांबावे लागते!

येथे भाषेबद्दल थोडे सांगतो. मराठी तुमची दुसरी भाषा आहे, म्हणून शेतीचे शब्द परके वाटतील अशी भीती बाळगू नका. खरीप आणि रब्बी हे शब्द अरबीतून आले. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. शेतकरी जमिनीची 'मशागत' करतो, ती आपली मशक्कतच. पावसावरच्या शेतीला जिरायत म्हणतात. तो शब्द जराअत या शब्दापासून आला. बागायत तर बागेची सख्खी बहीण. 'हंगाम' फारसी आहे. उर्दूत हंगामा झाला म्हणजे गोंधळ उडतो. मराठीत हंगाम आला म्हणजे कामाला लागायचे असते. आणि 'कलम' पाहा. वहीवर चालते तीही कलम, आणि नुकत्याच रुजलेल्या आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधून करतात तेही कलमच.

या कार्यक्रमात सगळेच चांगले असते असे मी म्हणणार नाही. काही गट गावात येतात, फलक लावतात, फोटो काढतात आणि निघून जातात. शेतातल्या मातीचा नमुना घेण्याची पद्धत फार काळजीची आहे. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. शेतात वेगवेगळ्या ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यायची. सगळी माती मिसळून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहायचे. विद्यार्थी हे सर्व नीट करतात. पण पुढे? "पोरे माती घेऊन गेली, पण माझ्या जमिनीत काय कमी आहे ते कोणी सांगायला आले नाही," असे म्हणणारे शेतकरी मी ऐकले आहेत. अहवालाला विद्यापीठात गुण मिळतात. शेतकऱ्याला त्याचा कागद मिळायला हवा. पुढच्या वर्षी नवे कृषिदूत त्याच गावात आले, तर त्यांना ओट्यावर बसा म्हणायचे की दारातूनच परत पाठवायचे, हे त्या कागदावर ठरते.

या वाटेने जायचे असेल, तर बारावीपर्यंत विज्ञान शाखा घ्यावी लागते आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर कृषी पदविकेचाही मार्ग आहे. आपल्या शाळांतून त्या वाटेला फार थोडी मुले जातात, ही मला खटकणारी गोष्ट आहे, कारण विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. पदवीची पुस्तके इंग्रजीत असतात, पण गावातले आठ आठवडे मराठीतच बोलावे लागते. तुम्ही घरी कोकणी बोली बोलता, शाळेत उर्दू शिकता आणि हा पाठ मराठीत वाचता आहात. खाचराच्या बांधावर या तिन्ही भाषा लागतील. मोहल्ल्यातील एखाद्या चाचांची जमीन पडीक का आहे, हे ते बाहेरून आलेल्या मुलाला सांगतील की नाही कोण जाणे. तुम्हांला मात्र सांगतील.

शब्दार्थ

वहाळ – लहान ओढा
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
वरकस जमीन – डोंगरउतारावरील हलकी जमीन
चिखलणी – लावणीपूर्वी शेतात चिखल करणे
बेणणी – पिकातील तण काढणे
मोरचूद – तांब्यापासून होणारा निळा क्षार
साका – हापूस आंब्याच्या गरातील पांढरट, खराब भाग

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दापोलीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना केव्हा झाली?
(आ) बियाणे मिठाच्या पाण्यात का टाकतात?
(इ) बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला हे कसे ओळखतात?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) राब भाजण्याबद्दल विद्यार्थी काय सांगतो आणि शेतकरी काय विचारतो?
(आ) मिलार्दे यांना रस्त्याकडेच्या वेली हिरव्या का दिसल्या?

३. पाठात आलेले अरबी-फारसी शब्द शोधा. त्यांचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा.

४. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून आपल्या गावाचा नकाशा कागदावर काढा. पाणी, शेती, झाडे आणि बंद घरे वेगवेगळ्या रंगांनी दाखवा.